कोकिळाबाईच्या डोक्यातला कापूस

सरका, जवळ सरका. मागच्यांनी पुढं या, पुढच्यांनी मोबाईल खिशात घाला. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगायची आहे. ती ऐकून देव नक्की हसला असेल, भक्तांचं काही सांगता येत नाही. गोष्ट आर्वीकडच्या रोहणा गावाची आहे, आणि गोष्ट केसांची आहे.

रोहण्याच्या बबनरावांची बायको कोकिळाबाई. पन्नाशी ओलांडलेली, बांधा दणकट, जीभ त्याहून दणकट. गावातल्या महिला भजनी मंडळाची खंजिरी तिच्या हातात. दत्तजयंतीच्या सप्ताहात शेवटल्या दिवशी, काल्याच्या सकाळी, दहीहंडी फोडण्याआधीचं भजन म्हणायचा मान तिचा. भजनही तिचंच, गोठ्यात शेण उचलता उचलता जुळवलेलं: 'शेणाचे हात घेऊन आले देवा, पाण्याचा तांब्या दे.' गावातल्या सोवळ्या मंडळींना देवाच्या दारात शेण आलेलं आवडायचं नाही. पण चाल अशी की नाक मुरडता मुरडता त्यांचेही हात टाळीला लागायचे. कोकिळाबाई वर्षभर कापूस वेचायची, भाकरी थापायची, नवऱ्याला बोल लावायची, पण जगायची ती त्या एका सकाळसाठी.

यंदा दिवाळी सरली आणि तिला चिकनगुनियानं धरलं. सांधे असे धरले की हात खांद्याच्या वर जाईना. ज्या बाईला हात वर करता येत नाही ती केस कशी विंचरणार? त्यात घरातल्या दोन खोल्यांपैकी एक खोली छतापर्यंत कापसानं भरलेली. भाव चढेल म्हणून बबनरावांनी ठेवलेला. खाटेची सुतळी हाडांना टोचायला लागली तेव्हा कोकिळाबाई सरळ उठली आणि कापसाच्या ढिगावर जाऊन झोपली. मऊ, ऊबदार. राजाला नाही मिळत असं अंथरूण.

बबनराव तसा प्रेमळ माणूस. बायकोच्या डोक्यात ताप चढला म्हणून त्यानं रोज टाळूवर एरंडेलाची धार धरली आणि वरून फडकं आवळून बांधलं. एरंडेल म्हणजे काय चिकटा असतो हे वेगळं सांगायला नको. तापात बाई या कुशीवरून त्या कुशीवर. तेल, घाम आणि कापूस. ताप उतरल्यावर फडकं सोडलं तर डोक्याच्या मागच्या बाजूला सोललेल्या नारळाएवढा गोळा! काळा-पांढरा, कडक. बोट घालायला जागा नाही.

"हे काय झालं वो?" कोकिळाबाईनं चाचपून विचारलं.

बबनरावानं पाहिलं आणि पटकन चपला काढल्या. स्वतःच्या घरात.

विचारपूस करायला आलेल्या शेजारणींनी उरलेलं काम केलं. "माय वं! जट! अन् पांढरी!" एकीनं हळद लावली, दुसरीनं कुंकू. दुसऱ्या दिवसापासून नारळ यायला लागले. तापातून वाचलेल्या बाईच्या डोक्यावर देवी येऊन बसली, ही बातमी रोहण्यात फिरायला कितीसा वेळ लागतो? चहा उकळेपर्यंत फिरली.

खोटं कशाला बोला, पहिले काही दिवस कोकिळाबाईला बरं वाटलं. तीस वर्षांच्या संसारात जो नवरा पाण्याचा ग्लास उचलून घेत नव्हता तो न मागता चहा आणायला लागला. "तू" म्हणणारा "तुमी" म्हणायला लागला. देवीच्या शेजारी झोपू नये म्हणून खाट ओसरीत नेली, तेव्हा त्याच्या घोरण्यातूनही सुटका झाली. पुलगावला नोकरीवर असलेल्या रजतचा, मुलाचा, फोन आला: "आई, कापून टाक ना सरळ. बॉयकट चांगला दिसते तुले."

"बॉयकट?" ती म्हणाली. "मुळापासून गच्च हाये रे. कापलं तर मागचं डोकं सारं उघडं. तुहा बाप जिता असताना मी तशी मांडवात उभी राहू का? लोकं आधी त्यालेच नमस्कार करतीन, फोटोले करते तसा!"

तरी एकदा ती बबनरावाच्या मोटरसायकलवर बसून आर्वीला एका पार्लरात गेली. तिथल्या पोरीनं ओढणीनं हात पुसले, गोळ्यात बोट घालून पाहिलं, आणि पोरीचा चेहराच बदलला. कात्री खाली ठेवून तिनं हात जोडले. "काकू, माह्यानं नाई होणार. मले पुढच्या महिन्यात लग्न करा लागते." कोकिळाबाई निघाली तेव्हा पोरगी पाया पडली आणि हातात एक केळं दिलं.

मग आले बापूजी. सप्ताह समितीचे अध्यक्ष. माणूस धार्मिक, खर्चाला मागंपुढं न पाहणारा, फक्त एकच खोट. त्यांना गाण्याची हौस होती आणि आवाज होता विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनचा, सुरू व्हायला वेळ लागणारा आणि एकदा सुरू झाला की बंद न होणारा. गेली कितीतरी वर्षं काल्याच्या भजनावर त्यांचा डोळा होता.

ओसरीत बसून, चहा घेऊन, डोळे मिटून बापूजी म्हणाले, "कोकिळाबाई, यंदा काल्याच्या दिवशी तुमी पाटावर बसाचं. मांडवात. हिरवं लुगडं, हार, ओटी. सारं समितीकडून."

"अन् भजन?"

"भजनाचं काय?"

"माहं भजन, बापूजी. मी पाटावर बसली तर खंजिरी कोन वाजवीन?"

बापूजी समजुतीनं हसले. "बाई, देवी कुठं खंजिरी वाजवते? देवीनं बसाचं असते. ऐकाचं असते. भजनाची तुमी काळजी करू नोका. ते मी पाहून घेईन."

बापूजी गेल्यावर कोकिळाबाईनं बबनरावाकडं पाहिलं. तो नव्या नारळाची शेंडी सोलत होता.

"आयकलं का? मले मुकी करून ठेवून राह्यले हे."

"देवीची मर्जी," बबनराव म्हणाला, आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

त्या दिवशी ती एकटीच कापसाच्या खोलीत बसून फणी घेऊन झगडली. हात कसाबसा खांद्यापर्यंत जायचा. फणीचे दोन दात मोडले, गोळा हलला नाही. वर मनात भीतीही होती, ती का लपवा? लहानपणापासून ऐकलेलं: जट ओढली तर देवी कोपते, घरचं माणूस जाते. भक्ती असली म्हणून भीती जात नाही. उलट भक्ताघरी भीतीला चहा मिळतो.

अशात एके दुपारी धुरपता आली. धुरपता म्हणजे कोकिळाबाईची वेचणीतली जोडीदारीण. दोघींनी पंधरा-वीस हंगाम शेजारशेजारच्या तासात, म्हणजे ओळीत, कापूस वेचलेला. एकीच्या तोंडी भजन, दुसरीच्या तोंडी भीमगीत, आणि ज्याची चाल जास्त चढी त्याच्या तालावर दोघींचे हात. लेकीचं, नंदिनीचं, बाळंतपण करायला धुरपता महिनाभर पुलगावला गेली होती. तिला गावातलं काहीच माहीत नव्हतं. दारात उभी राहून तिनं पाहिलं आणि दारातच खो-खो हसत बसली.

"माय वं कोकिळे! तुह्या डोक्यावर मेंढी काऊन बसली?"

इतक्या दिवसांत कोणीतरी हसलं. कोकिळाबाईला इतकं बरं वाटलं की तिला रडूच फुटलं. हुंदके देत तिनं सगळं सांगितलं: ताप, एरंडेल, पार्लर, पाट, बापूजी. धुरपतानं सगळं ऐकून घेतलं, मग पुढं होऊन हात घातला. तोच बबनराव ओसरीतून ओरडला.

"धुरपताबाई! हात नोका लावू!"

धुरपताचा हात हवेत थांबला. "काऊन? माह्या हाताचा विटाळ होते का?"

बबनरावाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तसं नाई वो," तो पुटपुटला. "तसं नाई. कोप होईन तुमच्यावर. तुमच्यासाठीच म्हणून राह्यलो."

"माह्यावर? कसा होईन? तुमच्या देवीची अन् माही ओळखच नाई. आमच्या आज्यानं छप्पन सालीच तुमच्या साऱ्या देवायले रामराम ठोकला. लागलंच तर तिले माह्या घराचा पत्ता देजा. येऊ द्या, चहा पाजतो." आणि तिनं गोळ्यात बोटं घुसवली. "हे जट नाई वं, कोकिळे. हा तुमच्याच घरचा कापूस हाये. हे पाह्य, पत्ती. हे पाह्य, सरकी."

खरंच बोटात सरकी होती. घामाच्या ओलीत कोंब फुटायच्या बेताला आलेली.

"सुटते का?" कोकिळाबाईनं विचारलं. श्वास धरून.

"वेळ लागीन. केस बी जातीन. पर सुटते. काला कधी हाये?"

"परवा."

"मंग बस खाली. तेल नोको आता, लय चिकट झालं हाये. नारळाचं दूध पायजे, भरपूर. घरी नारळ हाये का?"

कोपऱ्यात नारळांचं पोतं उभं होतं. बबनराव पोत्यापुढं उभा राहिला. "हे परसादाचे हायेत. देवीले वाहलेले. डोक्याले लावाचे नाई."

आणि इथं कोकिळाबाईला सुचलं. देवानंच सुचवलं म्हणा. तिनं पाठ ताठ केली, डोळे मोठे केले आणि घशातून आवाज काढला, अंगात आलेल्या बाया काढतात तसा.

"मी कोन हावो?"

बबनराव गडबडला. "देवी... देवी हा तुमी."

"मंग देवीचा हुकूम हाये. नारळ फोड. खव!"

तो बिचारा हात जोडून विळीवर बसला. दुपारभर खवत होता. धुरपता तोंडाला पदर लावून हसत होती, आणि तिच्या पोटाच्या हालण्यानं त्याला टेकलेलं कोकिळाबाईचं डोकं हालत होतं.

दूध कोमट करून गोळ्यावर ओतलं, मुरू दिलं. मग धुरपतानं पोती शिवायचा दाभण मागितला. फणी तिनं बाजूलाच ठेवली. "फणी शेवटी. आधी खालून. टोकाकडून. मुळापासून वढली तर तुले देवी दिसनच." दाभणाच्या टोकानं ती एकेक गाठ सैल करायची, बोटांनी बट वेगळी करायची, कापूस ओढून काढून बाजूच्या टोपलीत टाकायची. गोळ्याचे आधी दोन भाग झाले, मग चार. कापसाबरोबर काय काय निघालं! टिकल्या, अक्षता, एक वाळलेली बोंडअळी, आणि कोणा भक्तानं गुपचूप खोचलेली नवसाची चिंधी.

पहिली मोठी बट सुटली तेव्हा बबनराव बाहेर धार काढायला बसला होता; म्हशीनं लाथ मारली आणि बादली उडाली.

"पाह्यलं! कोप!" बबनराव आत धावला.

"तुमाले धार काढता येत नाई, ते देवीच्या नावावर नोका टाकू," धुरपता न वळता म्हणाली.

पण तेवढ्यात कोकिळाबाईचा गुडघा ठणकायला लागला. "धुरपता, थांब जरा. गुडघा दुखून राह्यला. खरंच काही असन तर?"

धुरपता थांबली. दाभण मांडीवर ठेवला. "गुडघा चिकनगुनियाचा दुखून राह्यला. पर तुले भेव वाटत असन तर मी आता उठतो. डोकं तुहं हाये. पाटावर बसजो, लोकं पाया पडतीन, बापूजी गाईन. सांग."

बापूजी गाईन. ते दोन शब्द ऐकले आणि कोकिळाबाईच्या डोळ्यांपुढं काल्याची सकाळ उभी राहिली: हंडी वर टांगलेली, लोक टाळ घेऊन बसलेले, आणि तिच्या गाण्यावर ते डिझेल इंजिन चाललेलं. ती गळ्यात हार घालून गप्प.

"कीर्तनात एक बुवा सांगत होते," ती सावकाश म्हणाली, "एक दासी होती. तिचं कोनी नव्हतं. तं देव खुद्द तिच्या मागं बसला अन् तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या. वेणी घातली तिची. आता जो देव उवा काढते तो कोनाच्या डोक्यात गुंता कायले करीन?"

"हाव? चांगला हाये मंग तुहा देव," धुरपता म्हणाली. "मंग आज कुठं गेला? मलेच काढा लागून राह्यलं."

कोकिळाबाईनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

"अशी नोको पाहू," धुरपता म्हणाली. "मले देव म्हनशीन तर अर्धं डोकं तसंच सोडून जाईन घरी."

"वढ," कोकिळाबाई म्हणाली आणि मान खाली घातली.

दोन दुपारी लागल्या. दुसऱ्या दुपारी धुरपता गुणगुणायला लागली, तिचं नेहमीचं भीमगीत, वेचणीतलं. कोकिळाबाईनं समोरची जर्मनची, अॅल्युमिनियमची ताटली ओढली आणि बोटांनी ठेका धरला. बोटं आखडलेली, आधी चुकली. मग जमली. बबनराव खवता खवता मान डोलवायला लागला आणि लक्षात आल्यावर थांबला.

शेवटी फणी मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेली. टोपलीत कापसाचा नि केसांचा एवढा ढीग पडला होता की मांजर येऊन त्यावर बसली. आणि डोक्यावर राहिलं काय? उंदराच्या शेपटीएवढी वेणी. मागं रुपयाएवढी दोन टकलं. कोकिळाबाईनं आरसा पाहिला आणि डोळ्यांना पदर लावला. एके काळी पेंडीएवढा अंबाडा होता तिचा.

"आता काऊन रडते वं?" धुरपता बोटं चोळत म्हणाली. तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. "गळ्याले तर टक्कल नाई पडलं ना?"

"उद्या येजो भजनाले. पुढं बसजो."

"मी? मले झोप येते तुमच्या कीर्तनात. येवढं बोलते तो बुवा! अन् म्हशीचं पाहून घे, बबनरावाच्या हाती देऊ नोको." आणि खोबऱ्याच्या दोन वाट्या पदरात टाकून ती निघून गेली.

काल्याच्या सकाळी मांडव भरला. समोर पाट मांडलेला, भोवती रांगोळी, वर झेंडूच्या माळा. बापूजी नवं उपरणं घालून गळा साफ करत होते. त्यांच्या खाकरण्यानंच दोन लेकरं रडायला लागली. कोकिळाबाई डोक्यावरून पदर घट्ट घेऊन आली. बाया बाजूला सरल्या, हात जोडले. ती पाटापाशी आली, पाटाला वळसा घातला, आणि मंडळाच्या बायांमध्ये जाऊन मांडी घालून बसली. खंजिरी उचलली.

"बाई, इकडं. पाट इकडं हाये," बापूजी म्हणाले.

तिनं पदर मागं टाकला.

बापूजींचं तोंड उघडंच राहिलं. "हे... हे कोनं केलं?"

"देवीचा हुकूम होता जी," मागून बबनराव म्हणाला. उभा राहून म्हणाला. "मी नारळं खवले."

कोकिळाबाईनं कोणाकडं पाहिलं नाही. डोळे मिटले, खंजिरीवर थाप मारली आणि ओळ सोडली: "शेणाचे हात घेऊन आले देवा, पाण्याचा तांब्या दे."

भजन म्हणजे काय असतं? एकानं म्हणायचं आणि सगळ्यांनी उचलायचं. उचललं नाही तर ते भजन नव्हे, नुसतीच एका बाईची बडबड. आणि कोणी उचललं नाही. बाया खाली पाहत होत्या. टाळ मांडीवर. एकमेकींकडं चोरून बघणं. बोललं तर आपल्यावर येईल.

तिनं पुन्हा म्हटलं. आवाज जरासा फाटला. पुन्हा कोणी उचललं नाही. तिला वाटलं, संपलं. पाटावर बसले असते तर निदान हार तरी मिळाला असता.

तिसऱ्यांदा तिनं ओळ सोडली, आणि मांडवाच्या खांबाला टेकून झोपलेला म्हातारा तानबा जागा झाला. तानबा म्हणजे मंडळाचा मृदंग. कीर्तनभर झोपायचं आणि भजनाला उठायचं हा त्याचा नेम. जट, पाट, कोप, हुकूम, यातलं एक अक्षर त्याच्या कानावर गेलं नव्हतं. कोकिळेची खंजिरी वाजली म्हणजे आपली बारी, एवढं त्याला झोपेतही कळायचं. डोळेही न उघडता त्यानं मृदंगावर थाप घातली आणि दात नसलेल्या तोंडानं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडून ओळ उचलली: "पान्याचा तांब्या देऽऽ!"

कोणीतरी फिसकन हसलं. मग एका बाईचा टाळ वाजला. मग दुसरीचा. एकदा टाळ हलला की मान थांबत नाही आणि मान हलली की तोंड थांबत नाही. दुसऱ्या कडव्याला अख्खा मांडव शेणाचे हात घेऊन देवाच्या दारात उभा होता. कोकिळाबाईचं डोकं इतकं हलकं झालं होतं की तिनं ते जोरात झटकलं. उंदराच्या शेपटीएवढी वेणी या खांद्यावरून त्या खांद्यावर. कीर्तनकार बुवा उठून चिपळ्या वाजवत नाचायला लागले. पाट रिकामा होता. शेवटी शेवटी एक दमलेलं लेकरू त्याच्यावर जाऊन बसलं, तेव्हा कोणी उठवलंही नाही. बापूजींनी तोंड फिरवून ठेवलं होतं, पण धोतराच्या काठाखाली पायाचा अंगठा ठेका धरून हलत होता. शेजारच्यांनी पाहिला.

दुसऱ्या दिवशी कोकिळाबाई काल्याची वाटी घेऊन धुरपताकडं गेली. धुरपता अंगणात बोटांना खोबरेल चोळत बसली होती.

"आयकलं का काल?"

"न आयकून जातो कुठं? भोंगा माह्याच घराकडं तोंड करून बांधते तुमी." तिनं वाटी घेतली, काला चाटून पाहिला. "दुसऱ्या कडव्यात सूर वर गेलता तुहा."

"हाव," कोकिळाबाई म्हणाली. "गेलता."

तर ऐकणाऱ्यांनो, झाली गोष्ट. नवस नको, नारळ नको. उद्या सकाळी फणी हातात घ्याल, आणि ती कुठंतरी अडकून तुमचं तोंड वाकडं होईल, तेव्हा मुळापासून ओढू नका. टोकाकडून सुरू करा. आणि तेवढ्या वेळात रोहण्याच्या धुरपताबाईची आठवण ठेवा, जिची बोटं चिरली आणि जी भजनाला आली नाही.